पिक्चरमधली पंगत

भाताचा टोप उतरला की मावशी पळीभर भात झाकणावर काढायच्या, दुसऱ्या हाताने पदर सावरत ते झाकण माझ्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "मीठ बगा, सर."

शाळेत पोरांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि वहीत तशी नोंद करायची, हा सरकारी नियम. मी मुख्याध्यापक, त्यामुळे ते काम माझ्याकडे. घास घेऊन मी "बरोबर आहे" म्हटलं, तर मावशी म्हणायच्या, "बरोबर कसं असंल? चिमूटभर कमी हाय." आणि मीठ घालायच्या. कधी मी मुद्दाम "कमी आहे" म्हटलं, तर "तुमी महाडची लोकं खारट खाता," असं ऐकवून झाकण परत न्यायच्या. सात वर्षं मी त्या शाळेत होतो. माझं मत त्यांनी एकदाही मानलं नाही आणि मला विचारल्याशिवाय एकदाही वाढलं नाही.

पोलादपूर सोडून डोंगराच्या अंगाने आठ-नऊ किलोमीटर आत गेलं की ते गाव लागतं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्या एका गावाला नावं ठेवाल आणि बाकीची गावं सुटतील. पहिली ते पाचवीची शाळा, दोन शिक्षक, पंचवीस-एक पोरं. मी रोज महाडहून मोटरसायकलने जायचो. महाडात माझं घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. दरवर्षी मार्चमध्ये पांढरी साडी नेसून मावशी बौद्धवाडीतल्या बायांबरोबर तळ्यावर यायच्या, तेव्हा आमच्याकडे चहा घेऊन जायच्या. माझी बायको त्यांना बस म्हणायची, त्या उंबऱ्यालगतच्या खुर्चीवर बसायच्या. आत कधी आल्या नाहीत. आम्हीही फार आग्रह केला नाही, हे आज लिहिताना लक्षात येतंय.

मावशींचं वय पन्नाशीच्या पुढचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी मुंबईला दिलेली, त्या वाडीत एकट्याच. माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठचं. कोणताही विषय निघाला की तो शेवटी तुडीलला जायचा. पावसाचं बोला, तुडीलला पाऊस याहून मोठा. माशाचं बोला, तुडीलला मासा स्वतःहून दारात येतो. एकदा शाळेत तालुक्याचे साहेब तपासणीला आले होते. त्यांनी वाटाण्याच्या उसळीचं कौतुक केलं, तर मावशी त्यांना म्हणाल्या, "ही काय उसळ. तुडीलला या तुमी." साहेबांनी वहीत गाव लिहून घेतलं.

पोरांची त्यांना नावं पाठ नसायची, पण कोण किती खातो ते पाठ असायचं. एखादा पोरगा गैरहजर असला तर हजेरी घेण्याआधी त्या सांगायच्या, "आज तो दोन वाढीवाला नाय आला."

मी नवीन होतो तेव्हा पहिल्याच दिवशी एक गोष्ट पाहिली. मधली सुट्टी झाली, बौद्धवाडीतली आणि धनगरवाड्यातली पोरं ताटल्या घेऊन स्वयंपाकाच्या खोलीपुढे रांगेत बसली. गावठाणातली पोरं, म्हणजे अर्ध्याहून जास्त शाळा, पिशव्यांमधून घरचे डबे काढून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. कुणी काही सांगितलं नव्हतं. पोरं आपापल्या जागी गेली, जशी प्रार्थनेला आपापल्या इयत्तेत उभी राहतात.

मी सहशिक्षिका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, इथे आधीपासून असंच आहे सर. मी पालकसभेत विषय काढला. एक जण म्हणाला, आमच्या पोरांना शाळेच्या खिचडीने पित्त होतं. दुसऱ्याने मान हलवली. सगळ्या गावाच्या पोरांना एकाच वेळी पित्त होतं आणि बौद्धवाडीच्या पोरांना होत नाही, याचं तिथे कुणालाच नवल वाटलं नाही. मी पुढे काही बोललो नाही. मी स्वतः मावशींच्या हातचं रोज खात होतो. आपण खातो ना, मग आपलं झालं, असं मी मनाला सांगितलं आणि ते मनाला पटलंही.

मावशी मात्र रोज सगळ्या पटाचा भात टाकायच्या. उरलेला भात संध्याकाळी वाडीवर न्यायच्या, कधी गुरांना जायचा. मी एकदा म्हटलं, निम्माच टाकत जा. त्या म्हणाल्या, "आन उद्या त्यांनी मागितला तर? नाय म्हनू काय मी?"

हे सगळं मी एका दिग्दर्शकाला सांगितलं. इथून पुढचं सगळं त्या सांगण्यातून झालं.

तो माझ्या मेव्हण्याचा मित्र, तिशीतला, मुंबईचा. लहान गावात माणसं एकमेकांना कशी दूर ठेवतात, यावर त्याला पिक्चर करायचा होता आणि गोष्ट सापडत नव्हती. कोकण रेल्वेने वीरला उतरला, रिक्षाने आमच्याकडे आला आणि दोन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी त्याला डब्यांचं सांगितलं. सगळ्या पटाचा भात टाकणाऱ्या मावशींचं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. तो चहा त्याने मग प्यायलाच नाही. खरं सांगतो, मला त्या वेळी फार बरं वाटलं. इतकी वर्षं जी गोष्ट मला नुसती बघावी लागत होती, ती ऐकून कुणाचा तरी चहा निवला.

शूटिंग मे महिन्याच्या सुट्टीत, आमच्याच शाळेत करायचं ठरलं. गावाची परवानगी मी मिळवली. सरपंचांना मी सांगितलं, शाळेतल्या पोरांवरचा पिक्चर आहे. ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

गाव हरखून गेलं. मुंबईहून सुट्टीला आलेले लोक परतायचे थांबले. पोरं गावातलीच घेतली. मुख्य मुलीचं काम गावठाणातल्या सानिकाला मिळालं. तिसरीतली मुलगी, धीट, कविता म्हणायला उभी राहिली की पाठच्या वर्गाला ऐकू जायची. स्वयंपाकीण बाईचं काम करायला पुण्याची एक नटी आली होती. तिला चुलीपाशी बसायला, पळी धरायला आणि इकडचं बोलायला शिकवण्यासाठी मावशींना ठेवलं. शिवाय पिक्चरमधला भात मावशींनीच शिजवायचा, असं दिग्दर्शकाने ठरवलं. खरा भात हवा, असं तो म्हणायचा.

मावशींनी त्या नटीला पोरीसारखं वागवलं. ती पळी बोटांच्या टोकांनी धरायची. मावशी म्हणाल्या, "अशी धरलीस तर पोरांना वाटंल, डाक्टरीन आली." ती "नाही" म्हणाली की मावशी "नाय" म्हणायच्या, ती "नाय" म्हणाली की "नाकातून नको गो, पोटातून." दोन दिवसांत सगळं युनिट "पोटातून" म्हणायला लागलं.

एक प्रसंग असा होता की, मुलं डबे उघडतात आणि स्वयंपाकीण एकटी खोलीत जाऊन रडते. नटीने तो फार चांगला केला. कॅमेरा थांबला तरी तिचे डोळे थांबेनात. मावशी तिच्याजवळ जाऊन बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला. मग दिग्दर्शकाला म्हणाल्या, "हे असं नसतं. आमी रडत नाय. रडत बसलं तर भात करपतो." दिग्दर्शकाने ऐकून घेतलं. वहीत लिहूनही घेतलं. पिक्चरमध्ये रडणंच राहिलं.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रसंग. सानिका आपला डबा बंद करते, ताटली घेऊन रांगेत येऊन बसते. तिच्या मागे दुसरी मुलगी येते, मग तिसरी, मग सगळी. एकच पंगत. नटी वाढत जाते, पोरं जेवतात, पिक्चर संपतो.

एवढाच प्रसंग, पण तो सकाळपासून दुपारपर्यंत चालला. कधी ऊन बदलायचं, कधी कुणी कॅमेऱ्याकडे बघायचं, कधी शेजारची म्हैस ओरडायची. दर वेळी ताटल्या धुवायच्या, पुन्हा भात वाढायचा आणि पोरांनी पुन्हा खायचा. गावठाणातल्या आया दोरीपलीकडे उभ्या राहून मोबाइलवर आपल्या पोरांना टिपत होत्या. एक जण आपल्या पोराला ओरडून सांगत होती, नीट खा रे, मोठे घास घे.

मावशी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा उभ्या होत्या. नटीच्या हातातला टोप रिकामा झाला की दुसरा भरून देत होत्या. कितव्या तरी वेळी कॅमेरा थांबला, सगळे पांगले, तरी सानिका उठली नाही. तिने ताटली पुढे केली. नटीकडे नाही, दाराकडे. "मावशी, अजून वाढ ना."

मावशी बाहेर आल्या. पळीभर भात वाढला. मग त्या मागे न जाता तिथेच उभ्या राहून ती खाईपर्यंत बघत राहिल्या.

सामान आवरताना मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी फक्त एवढं सांगितलं, "आज एक शीत उरलं नाय, सर." इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. आणि तुम्ही हसाल, पण मलाही वाटलं होतं की आता झालं. एकदा चव कळली की पोरं कशाला सोडतील.

जूनमध्ये शाळा उघडली. मधल्या सुट्टीत डबे निघाले. पोरं आपापल्या टोकाला गेली.

एक सानिका तेवढी ताटली घेऊन रांगेत येऊन बसली. मावशींनी तिला वाढलं. वाढताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्या दिवशी चव घेतल्याची नोंद करायची विसरलो.

दुसऱ्या दिवशी सानिकाची आई शाळेत आली. भांडायला नव्हती आली. गरीब स्वभावाची बाई, डोक्यावरचा पदर नीट करत दारातच उभी राहिली. घरात सासरे आहेत, त्यांना कुणीतरी सांगितलंय, उगाच कटकट नको, असं ती मला समजावत होती. मी म्हटलं, अहो, महिन्याभरापूर्वी तर हिने याच हातचं पोटभर खाल्लं, तुम्ही समोर होता.

"ते शूटिंग होतं ना सर," ती म्हणाली. "ते खोटं खोटं होतं."

मावशी मागे हंडा भरत होत्या. त्यांनी हंडा खाली ठेवला. "भात खरा होता गो," त्या म्हणाल्या.

सानिकाच्या आईने मान खाली घातली. तिला वाईट वाटलं असावं. मुलीचा हात धरून तिने तिला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं, डबा उघडून दिला आणि गेली. सानिका त्या दिवसापासून आमच्याकडे पाठ करून जेवायला लागली. सगळी पोरं एकमेकांकडे तोंड करून बसायची, ही एकटी भिंतीकडे.

मी त्या वेळी काय केलं, असं तुम्ही विचाराल. मी वर्गात समतेवर एक धडा शिकवला. तो अभ्यासक्रमात होताच.

पुढच्या वर्षी पिक्चर तयार झाला. कुठे कुठे दाखवला, त्याचं कौतुक झालं. मग त्याची दीड मिनिटाची जाहिरात मोबाइलवर फिरत फिरत गावात आली. तीत डबे होते, व्हरांड्याची दोन टोकं होती, आणि आपल्याच पोरांच्या तोंडी "आई म्हणते तिच्या हातचं खायचं नाही" हे वाक्य होतं. शूटिंगच्या वेळी हे वाक्य सगळ्यांसमोर म्हटलं गेलं होतं. तेव्हा आयांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पोराने न अडखळता म्हटलं म्हणून. मोबाइलवर ऐकल्यावर त्यांना ते कळलं.

दिग्दर्शकाने महाडच्या एका सभागृहात रविवारी दुपारी खेळ ठेवला आणि गावासाठी गाडी पाठवली. गाडीतून मावशी आणि बौद्धवाडीतल्या चार बाया आल्या. बाकी गाडी रिकामी. मी मावशींच्या शेजारी बसलो. पिक्चर चालू असताना त्या हलल्या नाहीत. फक्त शेवटी, पोरं एका पंगतीत जेवताना दिसली तेव्हा त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ हाताने धरली. दिवे लागले, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. दिग्दर्शकाने मावशींना पुढे बोलावलं. शहरातल्या एक बाई त्यांचे हात हातात घेऊन रडल्या आणि म्हणाल्या की तुमच्यामुळे ती मुलं बदलली. मावशींनी त्यांना "बरं" म्हटलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा वाटला पिक्चर?

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. जरा पुढे चालल्या, मग थांबल्या. "पन सर, हे बगून लोक घरी जातील. त्यांना वाटंल, तिथलं सगळं नीट झालं."

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो.

पंधरा दिवसांत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लागली. गावाची बदनामी झाली, हा विषय कागदावर नव्हता. कागदावर विषय होता, स्वयंपाकी बदलणे. अध्यक्ष गावठाणातले, पालकांपैकी एक. शांत आवाजात बोलत होते. मावशींचं वय झालंय, नजर कमी झालीय, गावातली दुसरी बाई तयार आहे. बौद्धवाडीतला एक सदस्य महाडच्या कारखान्यात पाळीवर जायचा, तो त्या दिवशी खाडा करून आला होता. तो उठून म्हणाला, मला हे मान्य नाय. अध्यक्ष म्हणाले, बरं, बसा. तो बसला.

समितीचा सचिव मुख्याध्यापक असतो. इतिवृत्त माझ्या हाताने लिहायचं होतं. मी विचारलं, कारण काय लिहू?

"वय लिहा," अध्यक्ष म्हणाले.

मी वय लिहिलं. खाली "सर्वानुमते" लिहिलं. तो कारखान्यातला सदस्य माझ्या पेनाकडे बघत होता. त्याचा विरोध नोंदवायला दुसरा कागद लागला नसता, एक ओळ लागली असती. मला निवृत्तीला सव्वा वर्ष होतं. पिक्चरवाल्याला गावात आणणारा मास्तर म्हणून माझं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. मी भ्यालो होतो. याहून वेगळा शब्द मी बरेच दिवस शोधला, सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींना सांगायचं कामही माझंच. त्यांना आधीच कळलं होतं. मी म्हटलं, तुम्ही तक्रार करा, कायदा आहे, वरपर्यंत जाता येतं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "तुमी सांगाल का सर तिथं? काय बगितलं ते?"

मी म्हणालो, "बघू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि सुपातला खडा काढून बाहेर टाकला.

वाडीतल्या लोकांनी तरी अर्ज केला. तो तालुक्याला गेला, तिथून खुलासा मागवणारं पत्र आलं. पत्र मुख्याध्यापकांच्या नावे होतं. इतिवृत्तात जे लिहिलं होतं, तेच मी खुलाशात उतरवलं. अर्ज निकाली निघाला.

शेवटच्या दिवशी मावशींनी टोप, पराती, पळ्या राखेने घासून उन्हात पालथ्या घातल्या. ताटल्यांची चळत लावली. खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "दोन वाढीवाल्या"च्या डोक्यावरून हात फिरवला आणि पायवाटेने वाडीकडे उतरल्या. सानिका व्हरांड्यात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. मावशींनी वळून पाहिलं असतं तर ती दिसली असती.

नवी बाई गावठाणातली. स्वयंपाक बेताचा, मीठ कधी जास्त, कधी मुळीच नाही. चव घ्यायला ती कधी झाकण पुढे करायची नाही, मीच आत जाऊन घ्यायचो.

आठवड्याभरात डबे बंद झाले. गावठाणातल्या आयांनी ठरवून की आपोआप, ते मला माहीत नाही. पित्त गेलं. मधली सुट्टी झाली की सगळी पोरं ताटल्या घेऊन यायची आणि एका रांगेत बसायची. गावठाणातली, बौद्धवाडीतली, धनगरवाड्यातली, एकमेकांना लागून. अगदी पिक्चरमध्ये होती तशी. सानिका पहिली. एका तपासणीत नवे साहेब आले, त्यांनी ती पंगत पाहिली, उभे राहून फोटो काढला आणि मला म्हणाले की तुमच्या शाळेचं उदाहरण दुसऱ्या शाळांना दाखवलं पाहिजे. मी त्यांना चहा दिला.

त्या पंगतीकडे बघत मी माझं शेवटचं वर्ष काढलं. मावशींना मी एकदा वाडीवर भेटायला गेलो, तर दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, गिरणीत दळण घेत नव्हते, गावची रिक्षा थांबत नव्हती, कंटाळल्या आणि मुलीकडे मुंबईला गेल्या. मला बरं वाटलं. मुलगी आहे, जावई आहे, नीट असतील.

निवृत्त झाल्यावर गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचे सासू-सासरे पुण्याहून आले. त्यांना रायगड बघायचा होता. रोपवेने वर गेलो, खाली उतरेपर्यंत दुपार टळली आणि सगळ्यांना भुका लागल्या. हिरकणीवाडीत एका पत्र्याच्या शेडमध्ये पिठलं-भाकरी मिळत होती, तिथे बसलो. मागच्या बाजूला चुलीपुढे एक बाई भाकऱ्या थापत होती. तव्यावरची भाकरी उलटायला ती वळली. मावशी होत्या.

मी उठलोच. दोन पावलं पुढे गेलो. तोंडातून "मा" एवढं निघालंही असेल. त्यांनी मला ओळखलं. मग त्यांची नजर शेडच्या मालकिणीकडे गेली, ती पलीकडे टेबल पुसत होती. नजर परत माझ्याकडे आली आणि मावशींनी मान हलवली. अगदी थोडी, नाही म्हणण्यापुरती.

मालकिणीने विचारलं, काय पाहिजे काका? मी पाणी मागितलं. तिने दिलं. मी परत जागेवर येऊन बसलो.

भाकरी छान झाली होती. माझ्या विहीणबाईंनी मालकिणीला तसं सांगितलं आणि विचारलं, या बाई इथल्याच का? "नाय, मुंबईच्या हायत," मालकीण म्हणाली. "कोन नाय त्यांना. आमच्यातल्याच समजा आता." मुलीकडे गेलेल्या मावशी इथे कशा पोचल्या, ते मला आजही माहीत नाही. मालकिणीच्या बोलण्यात माया होती. ती खरंच चांगली बाई वाटली. मावशी बौद्धवाडीतल्या, हे कळल्यावरही ती तशीच राहिली असती की नाही, ते मला सांगता येत नाही. मावशींनाही सांगता येत नसणार, म्हणून तर त्यांनी मान हलवली.

थोड्या वेळाने मावशी स्वतः भाकऱ्यांची टोपली घेऊन आल्या. एकेकाला वाढत माझ्यापर्यंत पोचल्या. माझ्या ताटाकडे बघत त्यांनी विचारलं, "पाव्हणं, पिठलं देऊ?"

"द्या," मी म्हणालो.

त्यांनी वाढलं आणि पुढे गेल्या. मी मान खाली घालून जेवलो, ताटात काही ठेवलं नाही. निघताना मागे बघितलं नाही. गाडीत विहीणबाई म्हणाल्या, पुन्हा आलो तर इथेच जेवू. मी हो म्हटलं.

मी त्यानंतर तिकडे गेलेलो नाही. महाडहून तासाभराची वाट आहे. कधी वाटतं, लांबून तरी बघून यावं. पण एकदा मी ओळख दिली, कुणी ऐकलं, विचारलं, तर त्यांना तिथूनही उठावं लागेल. घरी कुणी रायगडचा बेत काढला की मी पाय दुखत असल्याचं सांगतो.